खांदेरी: मुंबईच्या तोंडावरचं बेट

(दृश्य: थळचा किनारा, समोर दोन बेटं)

अलिबागजवळच्या थळच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की आधी उंदेरी दिसते, तिच्या पलीकडे खांदेरी. दोन टेकाडांचं लहानसं बेट. पण दक्षिणेकडून मुंबई बंदरात शिरणारं जहाज इथल्या नजरेतून सुटत नाही. भांडणाला तेवढं कारण पुरलं.

१६७९ साली शिवाजी महाराजांच्या हुकमानं मायनाक भंडारी माणसं आणि तोफा घेऊन इथे उतरले. तटाचं काम सुरू झालं. 'बेट आमचं आहे, निघून जा,' असा इंग्रजांचा निरोप आला. मायनाकांचं म्हणणं एकच: धन्याच्या हुकमाशिवाय हलणार नाही.

मग इंग्रजांनी नाकेबंदी केली. त्यांची जहाजं मोठी, तोफा भारी. पण वारा पडला की सगळं जागच्या जागी. मराठ्यांची होडकी उथळ बुडाची, वल्ह्यांवर चालणारी. रात्रीच्या अंधारात ती नागावच्या खाडीतून निघत आणि पहारा चुकवून बेटावर सामान पोचवत. म्हणजे इकडे नाकेबंदी चालू, तिकडे तटही चढतोय!

(दृश्य: तटबंदी, बुरूज)

१८ ऑक्टोबरला मराठ्यांचा आरमारी सरदार दौलतखान याच्या आरमारानं हल्ला चढवला. 'डोव्हर' हे इंग्रजी गुराब (शिडाचं लढाऊ जहाज) मराठ्यांनी पकडलं, इंग्रजांची लहान गलबतं पळाली. मात्र कॅप्टन केग्विन असलेल्या 'रिव्हेंज'नं एकटीनं तोंड देऊन मराठ्यांना मागे रेटलं. त्या दिवशी आपण निर्विवाद जिंकलो असं पुष्कळदा सांगितलं जातं. तसं नव्हतं. इंग्रजांना खरं हरवलं ते बेटावर न थांबलेल्या बांधकामानं. १६८० मध्ये त्यांनी तह केला, खांदेरी मराठ्यांकडे राहिली.

तोवर जंजिऱ्याच्या सिद्दीनं शेजारची उंदेरी बळकावून तिलाही तट घातला होता. दोन शत्रू, दोन किल्ले, मध्ये अरुंद समुद्र. संभाजी महाराजांनी उंदेरी घ्यायचा प्रयत्न केला, पण ती हाती लागली नाही. पुढे १७१८ मध्ये कान्होजी आंग्र्यांच्या खांदेरीवर मुंबईचं इंग्रजी आरमार चालून आलं आणि हात हलवत परतलं. मराठेशाही बुडाल्यावर मात्र बेट इंग्रजांकडे गेलं. १८६७ मध्ये त्यांनी इथे दीपगृह उभारलं.

(दृश्य: चाकांच्या गाड्यावरची तोफ, वेताळाचं देऊळ)

आज बेटाला कान्होजींचं नाव आहे. वेताळाच्या दर्शनाला कोळी बांधव येतात. २०२५ मध्ये युनेस्कोनं जागतिक वारसा म्हणून मराठ्यांचे बारा किल्ले निवडले. त्यांत खांदेरी आहे. सिद्दीची उंदेरी नाही.