दोन हजार आणि सातबारा

[दृश्य: बँकेसमोरची रांग]

एप्रिल 2020. यवतमाळ जिल्ह्यातलं एक गाव. बँकेसमोर चुन्याने वर्तुळं आखली आहेत, एका वर्तुळात एक माणूस. ऊन चढलं तशी माणसं कडुनिंबाखाली सरकली. वर्तुळात राहिल्या चपला, पिशव्या आणि दगडाखाली दाबलेलं एक पासबुक.

कोरोनाची टाळेबंदी लागली 25 मार्चला. दुसऱ्या दिवशी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी गरीब कल्याण पॅकेज जाहीर केलं. त्यात 8 कोटी 70 लाख शेतकऱ्यांना एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येकी 2000 रुपये द्यायचं ठरलं. हे पैसे नवे नव्हते, एवढं लक्षात ठेवा. पीएम किसान योजनेत वर्षाला 6000 रुपये तीन हप्त्यांत मिळतातच. त्यातला एक हप्ता लवकर सोडला, इतकंच.

[दृश्य: खोलीभर कापूस]

ही राहती खोली. खरेदी केंद्रं बंद पडली आणि कापूस घरातच अडकला, पार आढ्यापर्यंत. साठवलेल्या कापसात किडे होतात, अंगाला खाज सुटते, म्हणून घरची माणसं ओसरीवर झोपतात. लांब धाग्याच्या कापसाला त्या हंगामात हमीभाव होता क्विंटलला 5550 रुपये. सरकारचा हप्ता म्हणजे या ढिगातल्या अर्ध्या क्विंटलचेही पैसे नव्हेत.

[दृश्य: अंगठ्याचं यंत्र, जवळून]

अंगठा लागत नाही. बँकमित्र ओल्या फडक्याने तो पुसतो, पुन्हा टेकवतो. नाही. बोंडाची वाळलेली टोकं वर्षानुवर्षं बोटांना लागतात, रेषा झिजून जातात. मग मधलं बोट. मग डाव्या हाताचं. पाचव्या खेपेला पावती बाहेर येते.

पावतीवर आकडा 500. हे शेतकरी म्हणून नाही, जनधन खातं असलेल्या बाई म्हणून. शेतकऱ्याचे 2000 मिळाले ते चार वर्तुळं पुढे उभ्या असलेल्या तिच्या सासऱ्यांना. त्यांना मोतीबिंदू आहे. वावरात जाणं त्यांनी केव्हाच सोडलं. नांगरटीपासून वेचणीपर्यंत तीन एकर ही ताईच बघते.

[दृश्य: सातबारा, नावावरून फिरणारं बोट]

योजनेला शेतकरी कळतो तो या कागदावरून. जमीन नावावर असेल तर हप्ता. ताईचा नवरा गेला, पण जमीन त्याच्या नावावर कधी चढलीच नव्हती. मग वारस म्हणून हिचं नाव लागणार कुठून? सासऱ्यांनी आज हिस्सा तोडून दिला तरी उपयोग नाही, कारण नाव 1 फेब्रुवारी 2019 पर्यंत नोंदलेलं असावं लागतं. त्यानंतरचा फेरफार चालतो तो फक्त खातेदाराच्या मृत्यूनंतर, वारसाचा. म्हणजे म्हातारा माणूस जिवंत आहे तोवर त्याची सून सरकारच्या लेखी शेतकरी नाही. तिच्या शेजारचं वावर मक्त्याने करणारं जोडपं तर कुठल्याच कागदावर नाही. राबणाऱ्याची नोंद ठेवणारा कागद आपल्याकडे का नसावा, हे आम्हाला विचारायचं आहे.

[दृश्य: जून, पहिला पाऊस]

सासऱ्यांनी ते 2000 न मोडता सुनेच्या हातावर ठेवले. बीटी कापसाच्या बियाण्याचं पाकीट तेव्हा 730 रुपयांचं. तीन एकराला निदान तीन पाकिटं, म्हणजे 2190. वरचे पैसे आणि खताचे पैसे तिने व्याजाने काढले.

[दृश्य: टोबणी. निवेदन मंद]

दोरीला गाठी बांधल्या आहेत. गाठीपाशी ती वाकते, बोटाने माती उकरते, दोन बिया टाकते, पायाने माती लोटते. पुढची गाठ. बांधावर सासरे बसलेत, दोरीचं दुसरं टोक धरून.