ढोंगी नेमकं म्हणायचं कुणाला?

नमस्कार मंडळी! मागं दिसतंय ते आपलं सांगलीचं भावे नाट्यमंदिर. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ह्याच गावात 'सीता स्वयंवर' केलं, हे तुम्हाला मी नव्यानं सांगायला नको. मग ढोंगीपणावर बोलायला इथं का आलो? तर इंग्रजीतला 'हिपोक्रिट' हा शब्द ज्या ग्रीक शब्दावरनं आला, त्याचा अर्थ नट.

पण नटाला कुणी ढोंगी म्हणत नाही. रावण झालेला माणूस खेळ संपला की तोंड पुसून चहाला जातो, आणि ते आपल्याला तिकीट काढतानाच ठाऊक असतं. ढोंगी माणूस नाटक चाललंय हेच कळू देत नाही.

आता आमच्या काकांचं ऐका. तळहातावर तंबाखू, वर नखानं चुना, अंगठ्यानं सावकाश मळणार, दोन थापा मारून भुकटी उडवणार, चिमूट ओठात धरणार. आणि तशाच भरल्या तोंडानं मला सांगणार, "तू ह्या नादाला लागू नगंस."

लहानपणी वाटायचं, लोका सांगे ब्रह्मज्ञान! पण काकांनी लपवलं काय? त्यांना ते सुटत नव्हतं, एवढंच. हा दुबळेपणा, ढोंग नव्हे. आणि सल्ला तर शंभर टक्के खरा होता. "आधी स्वतःचं बघा" म्हणून समोरच्याला गप्प करता येतं, खोटं पाडता येत नाही.

येल विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांचा २०१७ चा एक अभ्यास आहे. दुसऱ्याला नावं ठेवणारा माणूस न बोलता सांगत असतो की मी तसला नाही. ते खोटं निघालं की लोक चिडतात. "मीही कधीकधी करतो" असं आधीच कबूल करणाऱ्यावर तेवढा राग निघत नाही. म्हणजे काका सुटले!

गीता मात्र इतकी सोडत नाही. तिसऱ्या अध्यायातला सहावा श्लोक: हातपाय आवरून धरलेत, पण मनात विषय घोळतायत, तो 'मिथ्याचार'. मला हे जरा कडक वाटतं. मनात काय येईल, ते काय आपल्या हातात असतं? पण त्याच श्लोकात 'विमूढात्मा' असा शब्द आहे. म्हणजे हा स्वतःच भुललेला. ते पटतं. कारण माझं तसंच झालं.

शेतकऱ्याला भाव मिळाला पाहिजे, असा व्हिडिओ मी केला होता. चांगला चालला. त्याच आठवड्यात मंडईत वीसची मेथीची जुडी पंधराला मागत होतो, आणि मनात काही टोचलंसुद्धा नाही. मावशी जुडीवर पाणी शिंपडत म्हणाल्या, "दादा, तुमचा त्यो शेतकऱ्याचा व्हिडिओ पोरानं दावला हुता मला."

पाकीट उघडलं. दहाची एक नोट, पाचचं एक नाणं. फोन घरी. खरंच तेवढेच होते हो! पण आता मावशींनी ते का मानावं?