एक बोट आणि दोन सामोआ

नमस्कार श्रोतेहो. १९१८च्या इन्फ्लुएन्झाचा विषय निघाला की आपल्याला मुंबईची गोदी आठवते. जूनमध्ये तो ताप तिथूनच शहरात शिरला. आज मात्र जायचं आहे पॅसिफिक महासागरातल्या सामोआला.

सामोआ तेव्हा दोघांत वाटलेला होता. पश्चिमेकडची बेटं न्यूझीलंडच्या लष्करी अमलाखाली, पूर्वेकडची अमेरिकी आरमाराकडे. मधे समुद्र, शंभर किलोमीटरहूनही कमी.

‘तालून’ ही बोट ३० ऑक्टोबरला ऑकलंडहून सुटली. वाटेत फिजीत तिला क्वारंटाइन लागलं होतं. ७ नोव्हेंबरला ती पश्चिमेतल्या आपिया बंदरात लागली, पण ही गोष्ट तिथं कुणी बोललं नाही. उतारू तापानं फणफणलेले असूनही बोटीला परवानगी मिळाली.

आठ दिवसांत साथ बोटीवरच विझायला हवी होती ना? तसं होत नाही. एकाचा ताप उतरेपर्यंत त्यानं तो दुसऱ्याला दिलेला असतो. म्हणून विलगीकरणाचे दिवस बंदर सोडल्यापासून मोजून उपयोग नाही. शेवटचा माणूस आजारी पडला, तिथून मोजायचे.

सामोअन घराला, म्हणजे ‘फाले’ला, भिंती नसतात. आख्खं कुटुंब एकाच छपराखाली झोपतं. त्यामुळे घरंच्या घरं एकदम आडवी झाली. मेली ती बरीचशी ऐन उमेदीची माणसं. तारोचे कंद कोण आणणार, पाणी कोण पाजणार? काहींचा जीव तापापेक्षा उपासमारीनं गेला. सुमारे ३८,००० वस्तीत ८,५००च्या आसपास मृत्यू, म्हणजे पाचातला एक.

आणि अमेरिकी सामोआत? इन्फ्लुएन्झानं एकही नाही. तिथले गव्हर्नर जॉन पॉयर यांनी येणाऱ्यांना पाच दिवस वेगळं ठेवलं. या रोगाची लक्षणं एक ते तीन दिवसांत दिसतात, तेव्हा हिशेब बरोबर होता. पण खरी भोकं मोठ्या बंदरात नव्हतीच. ती होती रात्री किनाऱ्याला लागणाऱ्या नातलगांच्या होड्यांत. ती बुजवली गावकऱ्यांनी, स्वतः किनाऱ्यावर पहारे देऊन. बंदी १९२० पर्यंत चालली.

पॉयर यांनी आपियाला मदत देऊ केली होती. तिथले प्रशासक कर्नल रॉबर्ट लोगन यांनी ती घेतली नाही. उलट आपल्या टपाल-बोटीला अमेरिकी सामोआनं क्वारंटाइन लावलं म्हणून रागावून बिनतारी संपर्कच तोडला. अमेरिकी सामोआचं बंदर पागो पागो एका दिवसाच्या वाटेवर होतं. ऑस्ट्रेलियाहून ‘एन्काउंटर’ ही युद्धनौका डॉक्टर आणि औषधं घेऊन आली ती ३ डिसेंबरला.