शून्य चार : आंद्रेया दोवित्सिओझोची गोष्ट

(पडद्यावर : शर्यतीनंतरचा रिकामा होत चाललेला सरळ पट्टा. इंजिनांचे आवाज दूर गेलेत, फक्त गर्दीचा गलका.)

३ एप्रिल २०१६. अर्जेंटिनातलं तेर्मास दे रिओ होन्दो. शर्यत आटोपली आहे. जिंकलेला मार्क मार्केझ केव्हाच रेषा ओलांडून गेला, त्याच्या मागोमाग बाकीचेही गेले. आणि आता एक माणूस लाल बाईक ढकलत रेषेकडे निघालाय. अंगात चामड्याचा जाड सूट, पायात घोट्यापाशी जखडलेले बूट, हाताखाली दीडशे किलोंच्या वरची डुकाटी. पेट्रोल संपल्यावर गाडी ढकलत पंप गाठलेल्या कुणालाही ठाऊक आहे, हँडल धरून वाकून ढकलताना शंभर पावलंसुद्धा किती लांबतात ते.

थोड्याच वेळापूर्वी हा माणूस दुसऱ्या क्रमांकावर होता. शेवटची फेरी, अगदी शेवटची वळणं. मागून त्याच्याच संघातला आंद्रेया यान्नोने आतून घुसला, घसरला आणि घसरता घसरता यालाही सोबत घेऊन गेला. हातातोंडाशी आलेले वीस गुण गेले. बाईक तिथंच टाकून, हातमोजे भिरकावत तो गॅरेजकडे निघाला असता तरी कुणी नावं ठेवली नसती. त्यानं ती ढकलत नेली. तेरावा क्रमांक, तीन गुण.

हा आंद्रेया दोवित्सिओझो. नाव लांबलचक, म्हणून सगळे नुसतं दोवी म्हणतात.

(पडद्यावर : रोमान्यातली शेतं, छोटी गावं, मिनीबाईकवरची पोरं.)

उत्तर इटलीतला रोमान्या. एड्रियाटिक समुद्राला लागून असलेल्या या पट्ट्यात मोटरसायकलचं वेड पाण्यातूनच येतं म्हणायचं. आपल्याकडे गल्लीत स्टंप रोवतात, तिथं पोरं गुडघ्याएवढ्या मिनीबाईक पळवतात. नावाजलेल्या स्वारांपैकी व्हॅलेंटिनो रॉसीचं तावुल्लिया जवळच, मार्को सिमोन्चेलीचं कोरियानोही जवळच. त्याच भागातल्या फोर्लिम्पोपोलीत २३ मार्च १९८६ला दोवीचा जन्म झाला. डुकाटीचा कारखाना बोलोन्यात, म्हणजे गाडीनं तासाभराच्या वाटेवर. पण या कारखान्याच्या दारात पोहोचायला दोवीला सत्तावीस वर्षं लागली.

त्याचा आदर्श अमेरिकेचा स्वार केव्हिन श्वान्ट्झ. म्हणून बाईकवर नंबरही श्वान्ट्झचाच, ३४. त्या नंबरानं २००४मध्ये होंडावर १२५ सीसीचं जगज्जेतेपद मिळालं. वय अठरा. मग २५० सीसी. तिथं त्याची होंडा सरळ पट्ट्यावर एप्रिलियांपुढे दमायची. २००६ आणि २००७, दोन्ही वर्षं विजेतेपद एप्रिलियावरच्या होर्हे लोरेन्झोचं आणि दुसरा क्रमांक दोवीचा. २००८ला तो मोटोजीपीत, म्हणजे या शर्यतींच्या सर्वांत वरच्या गटात आला तेव्हा कळलं, श्वान्ट्झचा ३४ तिथं मानानं निवृत्त केलाय. मग तीन काढला, नंतर चारच्या आधी शून्यही लागलं. शून्य चार.

होंडाच्या मुख्य संघात तीन वर्षं. २००९मध्ये डॉनिंग्टनला भुरभुरत्या पावसात, रॉसीसकट भलेभले घसरत असताना, हा उभा राहिला आणि मोटोजीपीतला पहिला विजय मिळाला. २०११मध्ये संपूर्ण वर्षाच्या गुणांत तिसरा, संघातल्या दानी पेद्रोसाच्याही पुढे. तरी पुढच्या वर्षी संघात जागा पेद्रोसाला, याला नाही. हे आजही मला नीटसं पटत नाही. दोवी तक्रार न करता यामाहाच्या दुय्यम संघात गेला, तिथं चौथा आला, आणि मग डुकाटीचा फोन आला.

(पडद्यावर : लाल गॅरेज, उघडलेलं इंजिन.)

आता डुकाटीची तेव्हाची अवस्था समजून घ्यायला हवी. २००७मध्ये केसी स्टोनरनं तिच्यावर जगज्जेतेपद मिळवलं होतं. स्टोनर गेला आणि घराला ओहोटी लागली. २०११मध्ये खुद्द रॉसी आला. इटलीचा लाडका स्वार आणि इटलीची लाडकी बाईक, सोहळाच. दोन वर्षांत एकही विजय नाही. ती बाईक सरळ रेषेत बंदुकीच्या गोळीसारखी जायची, पण वळणात मधोमध आली की पुढचं चाक ऐकायचं नाही. रॉसी परत यामाहाकडे गेला. २०१३मध्ये त्याच्या रिकाम्या खुर्चीत दोवी बसला. ज्या बाईकनं रॉसीला हात टेकायला लावले, ती दुरुस्त करायचं काम आता त्याच्याकडे. पहिल्या वर्षी आठवा क्रमांक.

त्याच वर्षाअखेरीस एप्रिलियाहून इंजिनिअर जिजी दालिन्या आला आणि बाईक नव्यानं घडू लागली. २०१५च्या पहिल्या तिन्ही शर्यतींत दोवी दुसरा. कतारमध्ये रॉसीनं त्याला ०.१७४ सेकंदांनी हरवलं. बाईक सुधारतेय हे सगळ्यांना दिसत होतं. विजय मात्र येत नव्हता.

इथं दोवीचं कौशल्य नेमकं कशात होतं ते सांगायला हवं, कारण टीव्हीवर ते दिसत नाही. घाट उतरताना ज्यानं दुचाकीचा पुढचा ब्रेक जरा जास्त दाबलाय त्याला माहीत आहे, सगळं वजन पुढं येतं, मागचं चाक हलकं होतं, हँडल जड होतं. आता वेग ताशी तीनशे धरा. कार्बनच्या तबकड्या तापल्याशिवाय पकडत नाहीत, आणि पकडल्या की मागचं चाक जमिनीवरून उचलतं. उशिरा ब्रेक मारणारे पुष्कळ असतात. दोवी उशिरा मारायचा, पण बाईक सरळ ठेवून, आणि वळणाच्या तोंडाशी पोहोचेपर्यंत बोटाचा दाब थोडा थोडा सैल करत. वळण तो लांबवत नसे. आत शिरायचं, चटकन बाईक वळवायची, चटकन उभी करायची आणि मग डुकाटीच्या ताकदीला मोकळं सोडायचं. बाईक वळणात कमजोर आहे ना? मग वळणातला वेळच कमी करा. असा त्याचा हिशेब. टायरचाही हिशेब तसाच : पहिल्या पंधरा फेऱ्यांत कुणी पुढं गेलं तर जाऊ दे, शेवटच्या पाचांत ज्याच्याकडे रबर शिल्लक, तो राजा.

२०१६च्या एप्रिलमध्ये डुकाटीनं लोरेन्झोला करारबद्ध केलं. पगार दोवीच्या कित्येक पट. उरलेल्या एका जागेसाठी दोन आंद्रेया. यान्नोने जास्त चमकदार. तरी मेमध्ये डुकाटीनं ठेवलं दोवीला. मग ऑगस्टमध्ये ऑस्ट्रियात यान्नोनेनंच डुकाटीला सहा वर्षांनी विजय मिळवून दिला, दोवी दुसरा. आणि ऑक्टोबरच्या शेवटी सेपांगच्या पावसात दोवी जिंकला. डॉनिंग्टननंतर सात वर्षांहून जास्त काळानं आलेला दुसरा विजय.

(पडद्यावर : मुजेलोच्या टेकड्या, पिवळा-लाल धूर.)

२०१७. लोरेन्झो जिंकायला आणलेला, दोवी ठेवलेला. ४ जूनला मुजेलो, इटलीची घरची शर्यत. आदल्या रात्री दोवीला अन्नातून विषबाधा झालेली. दुसऱ्या दिवशी चेहरा पांढराफटक. आणि जिंकला. इटलीच्या मातीवर, इटलीच्या बाईकवर, इटलीचा स्वार. पुढच्याच रविवारी बार्सिलोनात पुन्हा जिंकला. आता मार्केझनं मान वळवून पाहिलं.

ऑस्ट्रियाची रेड बुल रिंग डुकाटीसाठीच आखल्यासारखी आहे. लांब चढाचे सरळ पट्टे, टोकाला कचकचीत ब्रेक. आपल्याकडे रविवारची संध्याकाळ, सहा वाजून गेलेले, चहा गार होत चाललेला. अठ्ठावीस फेऱ्यांपैकी शेवटची. दोवी पुढं, मार्केझ चाकाला चाक. शेवटचं वळण उजवीकडचं. मार्केझ आतल्या बाजूनं असा घुसतो की क्षणभर वाटतं, दोघंही वाळूत जाणार. दोवीनं बहुतेक हे आधीच ताडलेलं. तो बाईक किंचित उभी करतो, मार्केझला जागा देतो. मार्केझ वेगाच्या भरात बाहेर फेकला जातो आणि मोकळ्या झालेल्या आतल्या बाजूनं दोवी निघून जातो. ०.१७६ सेकंद. रेषा ओलांडताना दोवीचा हात उठतो, मार्केझकडे झटकला जातो. एवढ्या शांत माणसानं असा हात केलेला कुणी पाहिला नव्हता. ‘काय चाललंय तुझं’ असंच काहीतरी तो हात म्हणत होता, असं आम्ही तेव्हा घरी ठरवून टाकलं.

सिल्व्हरस्टोन जिंकलं. मग १५ ऑक्टोबरला जपानचं मोतेगी. धो धो पाऊस, पुन्हा शेवटची फेरी, पुन्हा हेच दोघं. उतारावरच्या लांब पट्ट्याच्या टोकाला दोवीनं ब्रेक मारून मार्केझला मागं टाकलं. शेवटच्या वळणात मार्केझ पुन्हा आत घुसला, पुन्हा बाहेर गेला. ०.२४९ सेकंद. आता गुणांत फरक फक्त अकराचा.

आणि पुढच्याच रविवारी फिलिप आयलंड. ऑस्ट्रेलियातला तो ट्रॅक म्हणजे लांबलचक, वाहती वळणं, डुकाटीला जिथं घाम फुटतो नेमकं तेच. दोवी तेरावा आला. पुन्हा तेरावा, पुन्हा तीन गुण. अर्जेंटिनात पायी चालून मिळाले होते तेवढेच. मार्केझ जिंकला, फरक तेहतीस झाला. जगज्जेतेपद तिथं गेलं, वालेन्सियात नाही, असं माझं मत.

सेपांगला दोवी जिंकला, पण वालेन्सियातल्या शेवटच्या शर्यतीला फरक एकवीसचा होता. त्यानं जिंकायला हवं आणि मार्केझ पहिल्या अकरांत यायला नको. तिथं लोरेन्झो पुढं आणि दोवी त्याच्या मागं. संघाकडून लोरेन्झोला वारंवार खुणा, याला पुढं जाऊ दे. लोरेन्झो जागचा हलेना. समाजमाध्यमांवर त्याला शिव्यांची लाखोली. दोवी मात्र नंतर म्हणाला की लोरेन्झोच्या मागं राहिल्यानं आपल्याला फायदाच झाला. असो. अखेरीस काही क्षणांच्या अंतरानं दोघंही वाळूत गेले. दोवी बाईक उचलून गॅरेजमध्ये परतला तेव्हा सगळे यांत्रिक टाळ्या वाजवत उभे होते. वर्षभरात मार्केझचे सहा विजय, दोवीचेही सहा. गुण २९८ विरुद्ध २६१.

(पडद्यावर : झपझप बदलणारी दृश्यं, कतारचे दिवे, ऑस्ट्रियाचा डोंगर.)

पुढची दोन वर्षं भराभर. २०१८च्या पहिल्या शर्यतीत कतारला मार्केझला ०.०२७ सेकंदांनी हरवलं, २०१९ला तिथंच ०.०२३नं. त्याच वर्षी मुजेलोला ताशी ३५६.७ किलोमीटर, तेव्हाचा विक्रम. ऑस्ट्रियात तर २०१७चा डाव उलटा : या वेळी शेवटच्या वळणात आत घुसणारा दोवी. तो बाहेर गेला नाही, ०.२१३नं जिंकला. तीनेक महिन्यांच्या वेळापत्रकात एकदा असं व्हायचं आणि बाकीच्या रविवारी मार्केझ जिंकत राहायचा. २०१८, दुसरा. २०१९, दुसरा, गुण ४२० विरुद्ध २६९. हा फरक बाईकचा नव्हता, हे मान्य करायला डुकाटीच्या चाहत्यांना जड जातं.

दोवी मात्र बाईककडे बोट दाखवत राहिला. वळणात फिरणारी बाईक द्या, एवढंच त्याचं मागणं. ताकद वाढत होती, वळण तसंच. दालिन्या आणि त्याच्यातलं बोलणं आटत गेलं.

२०२०. नियतीची थट्टा म्हणतात ती हीच. जुलैत हंगामाच्या पहिल्याच शर्यतीत मार्केझचा दंड मोडला आणि तो वर्षभर बाहेर. मैदान मोकळं. पण त्याच वर्षी मिशेलिननं मागचा टायर बदलला. नव्या टायरची पकड एवढी की ब्रेक मारताना मागचं चाक पुढच्याला ढकलू लागलं. ज्या बोटानं दोवीनं सगळं कमावलं, त्याच बोटाखालचा अंदाज गेला. डुकाटीच्याच शेजारच्या संघातला तेवीस वर्षांचा फ्रान्सेस्को बान्याया तोच टायर पटकन शिकला. दोवीला जुनी सवय सुटेना. १५ ऑगस्टला त्याच्या व्यवस्थापकानं जाहीर केलं, वर्षअखेर डुकाटी सोडतोय. दुसऱ्या दिवशी ऑस्ट्रियात दोवी जिंकला. तो त्याचा शेवटचा विजय. मोटोजीपीतला पंधरावा, एकूण चोविसावा. वर्षाअखेर चौथा, विजेतेपद सुझुकीच्या जोआन मीरला.

मग एक वर्ष इकडेतिकडे, शेवटी यामाहा. तिचं सगळं वळणात. ब्रेक मारून बाईक उभी करण्याची त्याची पद्धत तिला मानवली नाही. २०२२मध्ये पहिल्या दहात तो एकदाही आला नाही. हंगाम संपेपर्यंतही थांबला नाही. ४ सप्टेंबरला मिसानोत, घराजवळच्या ट्रॅकवर, शेवटची शर्यत धावला. बारावा आला. जिंकला बान्याया, डुकाटीवर, आणि दुसराही डुकाटीवरच. दोन महिन्यांनी बान्याया जगज्जेता झाला. स्टोनरनंतर पंधरा वर्षांनी डुकाटीला विजेतेपद मिळालं. आणि ती बाईक आता वळत होती.

(पडद्यावर : हिरवी टेकडी, मातीचा मार्ग, उडणारी धूळ.)

लहानपणापासूनचं त्याचं खरं प्रेम मोटोक्रॉसवर. २०२०च्या जूनमध्ये, जागतिक हंगाम तोंडावर असताना, तो फाएन्झात एका स्थानिक मोटोक्रॉस शर्यतीत उतरला आणि गळ्याजवळचं हाड (कॉलरबोन) मोडून घेतलं. पट्टी बसवून तीन आठवड्यांत पुन्हा डुकाटीवर. आता त्याच फाएन्झात, मोंते कोरालीच्या टेकडीवर, तो मोटोक्रॉसचा ट्रॅक चालवतो. नाव, ०४ पार्क.