टँकर किती, खेपा किती?

मंडळी, फलकावर विषय लिहिलाय ‘डायनॅमिक क्वेरी आणि रेकॉर्डची मोजणी’. क्वेरी म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न. मी मोजणीपासून सुरू करतो, माझं जुनं दुखणं तिथंच आहे.

टंचाईचा एक अहवाल बघण्यात आला. कुठल्या कार्यालयाचा ते विचारू नका, तिथलं कुणीतरी इथं बसलेलं असायचं. तालुक्यात टँकर 12 आणि अहवालात शंभराच्या वर! साहेब म्हणाले, “एवढे उभे तरी कुठं करता हो?” झालं असं की, टँकरचं टेबल खेपांच्या टेबलाला जोडलं आणि वरून काउंट स्टार लावला. काउंट स्टार ओळी मोजतो. एका टँकरच्या नऊ खेपा, तर ओळी नऊ. तिथं टँकर-क्रमांकावर काउंट डिस्टिंक्ट पाहिजे, म्हणजे प्रत्येक टँकर एकदाच मोजला जातो.

लेफ्ट जॉइनची गंमत अजून वेगळी. या जोडणीत खेप नसली तरी टँकर यादीत राहतो. गॅरेजात पडलेला टँकरसुद्धा एक ओळ घेऊन येतो. खेपेचा आयडी मोजला तर त्याच्यापुढं शून्य येतं, कारण तिथं नल, म्हणजे रिकामी किंमत, असतो आणि नल मोजला जात नाही. काउंट स्टार केला की पडीक टँकरची एक खेप झाली! ठेकेदारानं हे ऐकलं नाही म्हणजे बरं.

2016 साली मिरजेहून लातूरला पहिली पाण्याची रेल्वे आली. गाडी एक, वाघिणी 10, पाणी साधारण पाच लाख लिटर. आकडे तिन्ही खरे. क्वेरी लिहिण्याआधी विचारा, साहेबांना यातलं काय पाहिजे?

आणि जिल्हे! मराठवाड्यात आठ. ग्रुप बाय लावून नावानुसार गट केले की निघतात 11. धाराशिव आणि छत्रपती संभाजीनगर नव्या नावानं, शिवाय जुन्या ओळींत जुन्या नावानं. वर कुणीतरी बीडचं ‘बिड’ केलेलं. क्रिकेटची टीम झाली की! म्हणून ओळीत जिल्ह्याचा कोड ठेवा, नाव दुसऱ्या टेबलात.

सर घड्याळ दाखवतायत. बरं, डायनॅमिक क्वेरी, पळत पळत. स्क्रीनवर कुणी जिल्हा निवडतो, कुणी फक्त तारीख, म्हणून व्हेअर, म्हणजे क्वेरीतली अट, तुकड्यातुकड्यानं जोडावा लागतो. जोडा, पण भरलेली किंमत मजकुरात चिकटवू नका, पॅरामीटरनं, म्हणजे क्वेरीच्या मजकुरापासून वेगळी, पाठवा. नाहीतर कुणी अवतरणचिन्ह टाकून पुढं ‘ऑर 1=1’ लिहिलं, म्हणजे ‘किंवा’ लावून कायम खरी असणारी अट, की सगळं टेबल उघडं. टेबलाचं किंवा कॉलमचं नाव मात्र पॅरामीटरनं जात नाही. ते आपल्या ठरलेल्या यादीत असेल तरच घ्या.

पानं पाडताना यादी आणि मोजणी दोन्हींना व्हेअर एकच ठेवा, मोजणीतला ऑर्डर बाय, म्हणजे क्रम लावणं, काढा. रेकॉर्ड आहे की नाही एवढंच बघायचं तर काउंट कशाला, एक्झिस्ट्स लावा. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये मोठ्या टेबलाचा झटपट आकडा रेलटपल्स नावाच्या कॉलममध्ये मिळतो, पण तो अंदाज असतो. स्क्रीनवर ‘सुमारे’ लिहून दाखवा, बिलाला लावू नका.

विचारा आता, दोनच प्रश्न घेतो.