लाल ठिपका म्हणजे कोरणारं लेझर नव्हे

(दृश्य : नागपूर, इतवारी, सराफा ओळ. अरुंद जिना, वरच्या मजल्यावरची हॉलमार्किंगची खोली. मशीनच्या पंख्याची घरघर.)

निवेदन :

अंगठी पकडीत बसते. तिच्या आतल्या बाजूला एक लाल ठिपका थरथरतो. ऑपरेटर तो ठिपका नेमक्या जागेवर आणतो, पायाखालचं पेडल दाबतो. बारीकशी चरचर होते आणि सोन्यावर सहा अक्षर-अंकांचा कोड उमटतो. हा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा हॉलमार्क क्रमांक. काही ठरावीक अपवाद सोडले, तर १ एप्रिल २०२३ पासून हा कोड नसलेला सोन्याचा दागिना दुकानदाराला विकता येत नाही. म्हणजे आज सराफ्यात जे सोनं काचेआड मांडलेलं दिसतं, त्यातलं बहुतेक एकदा तरी लेझरखालून गेलेलं आहे.

अशा खोलीत भीतीचा विषय काढला की उत्तर ठरलेलं असतं. "काहून भ्यायचं जी? लाल लाईट दिसून रायली ना. तिच्यात बोट घातलं तरी काही होत नाही."

लाल उजेडापुरतं हे खरंच आहे. तो फक्त वाट दाखवणारा किरण, काही मिलिवॅटचा. कोरणारा किरण वेगळा. त्याची तरंगलांबी १०६४ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे तो अवरक्त (इन्फ्रारेड), आणि माणसाच्या डोळ्याला तो अजिबात दिसत नाही. पेडल दाबल्यावर जे चमकतं ते तापलेलं सोनं. लेझर त्या चमकेत नाही.

(दृश्य : डोळ्याची आकृती. समांतर किरण बाहुलीतून आत शिरतात आणि पडद्यावर एका बिंदूत मिळतात.)

नागपूरच्या मे महिन्यातल्या उन्हात भिंग धरून कागद जाळलेला नाही असं पोर विरळच. डोळ्यात ते भिंग जन्मजात बसवलेलं आहे. साधारण ४०० ते १४०० नॅनोमीटरचा प्रकाश बुबुळातून आरपार जातो आणि मागच्या पडद्यावर, म्हणजे रेटिनावर, गोळा होतो. बाहुलीपाशी असलेली तीव्रता तिथे पोहोचेपर्यंत सुमारे लाखपट वाढते. गोम अशी, की यातला ७०० च्या पुढचा भाग आपल्याला जवळजवळ दिसतच नाही, पण डोळा तो तितक्याच इमानाने आत गोळा करतो. झगमगाट दिसला की पापणी पाव सेकंदात मिटते. न दिसणाऱ्या प्रकाशाला पापणी मिटणार कशी?

रेटिनाला वेदनाही कळत नाहीत. इजा होते आणि माणूस काम करत राहतो. कुणाला डोळ्यात 'टक्' असा आवाज झाल्यासारखा वाटतो, कुणाला काळा ठिपका तरंगताना दिसतो. ठिपका अगदी मधोमध असला तर वाचताना अक्षरं गायब होतात. बाजूला असला, तर मेंदू ती रिकामी जागा स्वतःच रंगवून टाकतो आणि कित्येक दिवस पत्ताच लागत नाही. जळालेल्या प्रकाशपेशी पुन्हा उगवत नाहीत.

(दृश्य : मशीनच्या पाठीवरची पिवळी पट्टी, काळा त्रिकोण, 'क्लास ४'.)

लेझरचे वर्ग ठरलेले आहेत. दिसणारा आणि १ मिलिवॅटच्या आतला तो क्लास २, तिथे पापणी आपलं काम करते. ५ मिलिवॅटपर्यंत ३आर. ५०० मिलिवॅटपर्यंत ३बी, हा थेट डोळ्यात गेला तर वाईट. त्यापुढचं सगळं क्लास ४. इथे किरण भिंतीवर, कपड्यावर पडून पसरला, तरी तो पसरलेला उजेडसुद्धा धोक्याचा. शिवाय कातडी भाजते, आग लागते.

मार्किंगचं साधं फायबर मशीन, म्हणजे काचेच्या तंतूत किरण तयार करणारं, २० वॅटचं असतं. क्लास ४ ज्या आकड्यापाशी सुरू होतो, त्याच्या चाळीसपट. तेही सरासरीत. हा किरण सलग नसतो, तो ठोके देतो. एक मिलिज्यूल ऊर्जेचा ठोका शंभर नॅनोसेकंदांत संपला, तर त्या क्षणापुरती शक्ती १० किलोवॅट भरते.

आणि समोर सोनं. या तरंगलांबीचा जवळजवळ सगळा प्रकाश परतवणारा धातू, वर पॉलिश केलेला, वळणावळणाचा. सपाट पत्र्यावरून किरण कुठे उडेल याचा अंदाज तरी बांधता येतो. पैलूदार बांगडीच्या बाबतीत तो अंदाज कुणी बांधू नये.

(दृश्य : बंद पेटीचं मशीन. दार उघडतं, दिवा विझतो. दार लागतं, दिवा लागतो.)

यावरचा इलाज अगदी निरस आहे. मशीन पेटीत बंद करायचं. पेटीला त्याच तरंगलांबीसाठी बनवलेली काच आणि दाराला इंटरलॉक. दार उघडलं की किरण बंद. अशा पेटीतलं क्लास ४ लेझर बाहेरच्या माणसापुरतं क्लास १ होतं. ऑपरेटरला काही लक्षात ठेवावं लागत नाही, काही घालावं लागत नाही, दिवसभर वाकून काम करून कंटाळला तरी डोळा शाबूत राहतो.

(दृश्य : अगदी जवळून, दाराच्या चौकटीवरचा सेन्सर. त्यावर सेलोटेपने चिकटवलेला नाण्याएवढा लोहचुंबक.)

हा चुंबक नीट पाहून घ्या. दारावरचा चुंबक चौकटीतल्या सेन्सरपाशी आला, की दार लागलं असं मशीनला समजतं. इथे सेन्सरवर दुसराच चुंबक चिकटवून ठेवला आहे. आता दार सताड उघडं असलं तरी मशीनच्या लेखी ते बंद. कारण विचाराल तर साधं आहे : मोठा हार पेटीत मावत नाही, आणि दर दागिन्याला दार उघडा-लावा करण्यात वेळ जातो. आपल्याकडे याला जुगाड म्हणून कौतुकाने पाहतात. मला तरी यात कौतुकासारखं काही दिसत नाही. पेटीचे पैसे मोजायचे आणि चार रुपयांच्या चुंबकाने ती निकामी करायची, हा साधा तोट्याचा व्यवहार आहे.

पेटी शक्यच नसेल तेव्हा चष्मा. तो सगळ्यात शेवटी येतो, आणि खरेदी मात्र सगळ्यात आधी त्याचीच होते. मशीनसोबत फुकट आलेला हिरवट प्लास्टिकचा गॉगल हातात घ्या आणि त्यावर काय छापलंय ते बघा. कामाच्या चष्म्यावर दोन गोष्टी असतात : कोणत्या तरंगलांबीसाठी, आणि ओडी (ऑप्टिकल डेन्सिटी, म्हणजे किरण किती अडतो याचं माप) किती. ओडी ४ म्हणजे दहा हजारात एक भाग आत येतो, ओडी ६ म्हणजे दहा लाखात एक. छापील काहीच नसेल, तर तो चष्मा नुसता रंगीत आहे. उन्हाचा काळा गॉगल तर मुळीच नको. त्याच्या आड बाहुली मोठी होते आणि अवरक्त किरणाला दार आणखी उघडं मिळतं.

(दृश्य : हिंगणा एमआयडीसी. पत्रा कापणारं फायबर मशीन, ठिणग्यांचा फवारा.)

हिंगण्याला आकडे वाढतात. इथली मशीनं किलोवॅटची. मोठ्या कारखान्यात केबिन बंद असते आणि खिडकीची काच त्या कामाचीच असते. गडबड छोट्या शेडमध्ये होते. आधी सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूचं लेझर होतं, त्याला साधं अ‍ॅक्रिलिकचं झाकण होतं. मग मालकाने फायबर लेझर घेतलं आणि झाकण तेच ठेवलं. सीओटू लेझरचा किरण १०.६ मायक्रोमीटरचा, तो अ‍ॅक्रिलिकमध्ये शोषला जातो, म्हणून ते झाकण तिथे खरोखरच कामाचं. फायबरचा १.०७ मायक्रोमीटरच्या आसपासचा किरण साध्या पारदर्शक अ‍ॅक्रिलिकमधून निघून जातो. झाकण तेच, दिसायला पारदर्शकही तसंच. फक्त आता ते धुळीपुरतं उरलं.

हातात धरून चालवायचं लेझर वेल्डिंगही आलं आहे. आर्क वेल्डिंगवर हात बसलेला कारागीर जुनाच काळा मुखवटा लावून ते चालवतो. ती काच लेझरसाठी तपासलेली नसते. आणि मुखवटा त्याच्या एकट्याच्या तोंडावर असतो. पाच फुटांवर चहा घेऊन उभ्या असलेल्या पोराचं काय? म्हणून अशा कामाभोवती लेझर अडवणारा पडदा लागतो आणि दारावर दिवा लागतो.

१९४८ च्या कारखाने कायद्यातलं कलम ३५ डोळ्यांच्या रक्षणाचं होतं : जास्त उजेडाने डोळ्याला धोका असेल तिथे चष्मा किंवा आडपडदा द्यायचा. पहिलं लेझर चमकलं १६ मे १९६० ला, म्हणजे कलम लेझरहून बारा वर्षांनी मोठं. पण तो कायदा मुळात विजेवर चालणाऱ्या, दहा किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यासाठी होता. इतवारीच्या माडीवर तीन माणसं बसतात.

(दृश्य : ट्रॉफी आणि पत्रिकांचं दुकान. सनबोर्डची पाटी कापली जात आहे, पांढरा धूर.)

इथे डोळ्याआधी नाकाचं बघा. सनबोर्ड म्हणून विकला जातो तो बहुधा पीव्हीसीचा फोम. पीव्हीसी लेझरने तापला की हायड्रोजन क्लोराइड निघतो. ओलाव्याशी मिळून त्याचं आम्ल होतं. छाती जळते आणि मशीनचे आरसेही गंजतात. रेक्झिनचं बऱ्याचदा तेच. हे काम ब्लेडने करावं, लेझरने करूच नये. सीओटू नळीला हजारो व्होल्ट लागतात, तेव्हा मागचं झाकण उघडून "जरा बघतो" हा प्रकारही नको.

(दृश्य : महाविद्यालयाची भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा. ऑप्टिकल टेबल.)

चंद्रशेखर वेंकट रामन १९१० च्या सुमारास नागपुरात सरकारी हिशेब खात्यात नोकरीला होते. १९२८ मध्ये कोलकात्यात त्यांनी विखुरलेल्या प्रकाशाचा रंग बदलण्याचा जो परिणाम शोधला, त्यासाठी त्यांच्यापाशी होता सूर्यप्रकाश आणि पाऱ्याचा दिवा. तो परिणाम इतका क्षीण, की कोटी फोटॉनमागे एखादाच रंग बदलून येतो. आज रामन वर्णपटासाठी लेझर वापरतात ते याचसाठी.

बी.एस्सी.च्या टेबलावरचं हीलियम-निऑन लेझर एक-दोन मिलिवॅटचं. त्याने फारसं बिघडत नाही, पण सवयी इथेच लागतात. घड्याळ, अंगठी, कडं आधी काढायचं. किरणाची उंची बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीत ठेवायची नाही. खाली पडलेला स्क्रू उचलायला वाकायचं, तर आधी शटर बंद. शक्य तेवढे दिवे लावून काम करायचं, कारण अंधारात बाहुली मोठी होते. प्रयोगशाळेतले अपघात बरेचदा आरसे जुळवताना होतात, आणि नेमका तेव्हाच चष्मा कपाळावर सरकवलेला असतो, कारण चष्म्यातून ठिपका दिसत नाही. अशा वेळी लेझरची शक्ती कमी करावी, अवरक्त असेल तर तो किरण दाखवणाऱ्या खास कार्डावर ठिपका पाहावा.

सरांच्या हातातला हिरवा पॉइंटर मात्र मला जास्त खटकतो. बर्डीच्या बाजारात किंवा ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त हिरव्या पॉइंटरात आधी ८०८ चं अवरक्त लेझर असतं, त्यातून १०६४, आणि त्यातून ५३२ चा हिरवा. अवरक्त अडवणारी गाळणी पैसे वाचवायला काढून टाकली असेल, तर हिरव्यासोबत न दिसणारा किरणही वर्गभर फिरतो.

(दृश्य : धंतोलीतला त्वचारोगाचा दवाखाना. दारावर लाल दिवा.)

दवाखान्यात शिस्त बरी दिसते : रुग्णाच्या डोळ्यावर आडोसा, खोलीतला आरसा झाकलेला, दार आतून बंद. स्पिरिटचा बोळा तेवढा लांब ठेवायचा, तो पेट घेतो.

(दृश्य : नेत्रतपासणीचं यंत्र, पडद्यावर रेटिनाचे थर.)

शंका आली तर काय करायचं? डोळा चोळायचा नाही, घरातले थेंब घालायचे नाहीत, "उद्यापर्यंत बघू" म्हणायचं नाही. मशीन बंद करायचं आणि त्याच दिवशी रेटिनाच्या डॉक्टरांकडे किंवा मेडिकल-मेयो या सरकारी रुग्णालयांच्या नेत्रविभागात जायचं. मशीनवरच्या पट्टीचा मोबाइलवर फोटो काढून न्यायचा, त्यावर तरंगलांबी आणि वॅट लिहिलेले असतात. लाल ठिपका दिसत होता एवढंच सांगितलं, तर डॉक्टर ६५० नॅनोमीटरचा काही मिलिवॅटचा किरण धरून चालतील आणि तपास तिथेच चुकेल.