पंख्याला तेल: कुठे, किती आणि कोणतं?

मंडळी, हॅम रेडिओच्या संचातला पंखा घरघरायला लागला की आपल्यातले बरेच जण संचाच्या कडेला एक थाप मारतात. आवाज थांबतो, आणि आपण पुन्हा सीक्यू (कुणीही उत्तर द्या, अशी साद) द्यायला मोकळे. थापेने इतकंच होतं की आस जरा सरकते आणि दुसऱ्या जागी टेकते. आतलं बुश, म्हणजे आस जिच्यात फिरते ती छोटी नळी, कोरडं ते कोरडंच राहतं.

आधी उष्णतेचा हिशेब मांडू. १०० वॉट देणारा संच पूर्ण जोरात १३.८ व्होल्टवर साधारण २० अँपिअर खेचतो. म्हणजे आत गेले पावणेतीनशे वॉट आणि अँटेनाकडे गेले शंभर. बाकीचे पावणेदोनशे हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, माथी. एसएसबी या आवाजी पद्धतीवर बोलताना आपण श्वास घेतो तेवढी संचालाही उसंत मिळते. एफटी८ या संगणकाने संदेश पाठवायच्या पद्धतीत ती सोय नाही. तिथे १५ सेकंदांच्या पाळीत साडेबारा सेकंदांहून जास्त वेळ सलग पूर्ण ताकद लागते.

या छोट्या डीसी पंख्यांना ब्रश नसतात, त्यामुळे झिजायचं ते मुख्यतः बेअरिंगच. बहुतेक स्वस्त पंख्यांत ते स्लीव्ह प्रकारचं असतं: ब्राँझची पूड दाबून, भाजून केलेलं बुश. त्याच्या अंगभर सूक्ष्म छिद्रं असतात आणि त्यांत तेल मुरवलेलं असतं. आस फिरली की तेल बाहेर येतं, थांबली की परत आत शोषलं जातं. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ते उडून जातं आणि उरलेलं धुळीत कालवून चिकट होतं. सकाळी कुरकुरणारा पंखा पाच मिनिटांनी गप्प होतो तो याच चिकट्यामुळे. गरम झाल्यावर तो पातळ होतो, बाकी काही सुधारलेलं नसतं.

तेल घालायचं तर पंखा संचातून बाहेर काढा. काढण्यापूर्वी हवा कुठल्या दिशेला जाते ते चौकटीवर खूण करून ठेवा. मधलं गोल लेबल एका कडेने हळूच सोलायचं. खाली कधी रबरी बूच असतं, ते काढलं की आसेचं टोक आणि तिच्या खाचेतला चिरलेला नायलॉनचा वॉशर दिसतो. वॉशर काढायचा असेल तर चष्मा लावा, तो उडतो आणि मग सापडत नाही. सिरिंजने एक थेंब सोडा, पाती बोटाने फिरवा, थोडं थांबा, मग दुसरा थेंब. बुशाला तेल प्यायला वेळ लागतो. एकदम ओतलं तर ते बाहेर फेकलं जातं आणि लेबलचा गोंद सुटतो. कडा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, गोंद गेला असेल तर नवी चिकटपट्टी लावा.

तेल कोणतं? हलकं टर्बाइन तेल उत्तम. शिलाई मशिनचंही चालतं, पण ते पातळ असल्याने लवकर उडतं. गंजलेले नट सोडवायचा फवारा मात्र अजिबात नको. त्यातला द्रावक उरलंसुरलं तेल धुऊन नेतो, दोन दिवस पंखा छान फिरतो आणि मग पूर्वीपेक्षा जास्त ओरडतो.

काम जमलं की नाही ते कानाने ठरवू नका. बदलत्या व्होल्टेजचा सप्लाय घ्या आणि शून्यापासून हळूहळू वाढवा. धडधाकट १२ व्होल्टचा पंखा बहुधा ५ ते ७ व्होल्टच्या आसपास उचल खातो. ९ लागत असतील तर अजून चिकटा आहे. हे महत्त्वाचं, कारण काही संच पंखा आधी कमी व्होल्टेजवर मंद चालवतात, आणि नेमका तिथेच चिकट पंखा अडून बसतो. आवाज करणारा पंखा निदान फिरतो तरी. मला धास्ती असते ती अडलेल्या, शांत पंख्याची.

बॉल बेअरिंगच्या पंख्याचं वेगळं. त्यात ग्रीस असतं. गोळ्या किरकिरायला लागल्या की तेलाने थोडे दिवस निघतात, पण माझं मत सरळ बदला असंच आहे. आणि रिसीव्हरमध्ये ऐकू येणारी पंख्याची खरखर कुठल्याच तेलाने जात नाही, ती मोटरच्या स्विचिंगची असते.

व्हॉल्व्हच्या (निर्वात नळ्यांच्या) लिनिअरमध्ये, म्हणजे संचाची ताकद वाढवणाऱ्या अॅम्प्लिफायरमध्ये, हात घालण्याआधी प्लग काढा, कपॅसिटर रिकामे झालेत हे मीटरने पाहा. तिथे हजारो व्होल्ट असतात. तिथला पंखा बदलताना नुसतं माप जुळवून भागत नाही, हवेचा प्रवाह आणि दाबही जुन्याइतका हवा. व्हॉल्व्हच्या तळाशी, काच आणि धातू जुळतात त्या सांध्यांना सतत वारा लागतो, आणि शांत म्हणून आणलेला मंद पंखा तो पुरवत नाही.